तोंड आलंय? जरा थांबा!

सोमवारची दुपार, ऑफिसचं कॅन्टीन. झणझणीत मिसळ टेबलावर येते आणि कुणीतरी एक जण आपली प्लेट शेजारच्याकडे सरकवत कसंनुसं तोंड करून म्हणतो, "नको यार, तोंड आलंय." झालं! टेबलावरच्या प्रत्येकाच्या आतला वैद्य जागा होतो. एक म्हणते बी-कॉम्प्लेक्स घे. दुसरा म्हणतो उष्णता झालीय, सब्जा पी. तिसरी सांगते, आमच्या गावी जाईचा पाला चावतात, दोन दिवसांत फरक. कुणी साजूक तूप लावायला सांगतं, कुणी गुलकंद. आणि टीम लीड लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणतो, "जागरणं कमी कर."

यातलं कुणीच फारसं चुकत नाही, हे आधीच सांगून टाकते. तोंड येतं ते बहुतेक वेळा खरंच जागरण, ताण, घाईत चावला गेलेला गाल किंवा जीवनसत्त्वांची कमतरता यामुळे. सॉलिड दुखतं, आठवडा-दहा दिवस छळतं आणि निघून जातं. आजचा विषय आहे तो न दुखणारा फोड. आणि काहीच न दिसणारा घसा.

हो, आज ओरल सेक्सबद्दल बोलायचंय. बसमध्ये हे पान वाचत असाल आणि शेजारचे काका डोकावत असतील तर पान उलटा, घरी जाऊन वाचा. पण वाचा. कारण आपल्या वयाच्या भल्याभल्या हुशार, एमबीए-बिमबीए मंडळींचा एक ठाम फंडा आहे : ओरल म्हणजे सेफ. ना प्रेग्नन्सीचं टेन्शन, ना कसला रोग. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा. दुसरा मात्र अर्धवट खरा, आणि घोळ होतो तो तिथेच.

समजा, एक मुलगा आहे. अठ्ठावीस वर्षांचा. हिंजवडीत नोकरी, बाणेरला दोन मित्रांबरोबर फ्लॅट. गोष्ट मी रचलेली आहे, त्यामुळे नाव काहीही ठेवा. तिच्यातलं वेळापत्रक मात्र वैद्यकाच्या पुस्तकातलं आहे. एका लाँग विकेंडला याची गोव्यात कुणाशी तरी ओळख झाली, ती जरा वाढली. 'पूर्ण काही' झालं नाही, म्हणून कंडोमचा विषयही निघाला नाही. तीनेक आठवड्यांनी खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला एक फोड आला. कडा कडक, मधे उथळ जखम, दुखणं शून्य. जबड्याखाली एक गाठ हाताला लागत होती, तीही दुखत नव्हती. पठ्ठ्याने बी-कॉम्प्लेक्स सुरू केलं. महिनाभरात फोड गायब. बी-कॉम्प्लेक्सचा विजय असो!

तो फोड म्हणजे सिफिलिसचा पहिला टप्पा होता. त्याची खासियतच अशी, की काहीही उपचार केले नाहीत तरी तीन ते सहा आठवड्यांत तो भरून येतो. जंतू कुठेही गेलेले नसतात, ते रक्तातून अंगभर फिरत असतात. आणखी काही आठवड्यांनी याच्या तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग उठले. खाज नाही. थोडी कणकण, घशात खवखव, तोंडात पांढुरके चट्टे. नव्या साबणाची ॲलर्जी असेल, असं ठरलं. कालांतराने डागही मावळले.

दरम्यान घरी कांदेपोहे झाले. मुलगी पसंत, मुलगा पसंत, साखरपुडा. नवं नवं प्रेम, भेटीगाठी... आणि या टप्प्यात तोंडातले ते चट्टे जंतूंनी ठासून भरलेले असतात. नुसत्या चुंबनानेही लागण होऊ शकते. पुढे लग्न झालं, ती गरोदर राहिली आणि तरीही कुणाला काही कळलं नाही, तर हा जंतू पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. गर्भपात होऊ शकतो, बाळ मृत जन्मू शकतं, किंवा जन्मतःच आजारी असू शकतं. आणि त्या मुलाच्या स्वतःच्या शरीरात तो वर्षानुवर्षं दबा धरून बसतो आणि पुढे कधीतरी मेंदूवर, हृदयावर, डोळ्यांवर येतो.

हे सगळं टाळायला काय लागलं असतं? व्हीडीआरएल किंवा आरपीआर नावाची रक्ताची एक स्वस्त तपासणी, शंका आली तर ती पक्की करणारी दुसरी, आणि सुरुवातीच्या टप्प्यात पेनिसिलिनचा एक डोस. एक! १९४३ पासून सिफिलिसवर पेनिसिलिन वापरलं जातंय आणि अजून ते चालतं. 'आता कुठे असतात असले रोग' असं म्हणणाऱ्यांसाठी : जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात जगभरात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ८० लाख लोकांना नव्याने सिफिलिस झाला.

शब्दच नाहीत राव!

आपल्या भाषेत या रोगांना नावं नव्हती असं नाही. गरमी आणि परमा. म्हणजे सिफिलिस आणि गनोरिया. पणजोबांच्या पिढीला ही जोडगोळी तोंडपाठ होती. आपल्याला गरमी म्हटलं की फक्त एसी आठवतो. उरलेलं ज्ञान लोकलच्या रुळांकडेच्या भिंतींवरून : 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज', खाली मोबाईल नंबर. आणि ओरल सेक्सला मराठी शब्द? शब्दकोश म्हणतो 'मुखमैथुन'. हा शब्द एकदा डॉक्टरांच्या केबिनमध्ये मोठ्याने उच्चारून बघा. आपण तपासायला आलोय की कीर्तनाला बसलोय, तेच कळेनासं होतं.

मग होतं काय, डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. फॅमिली डॉक्टर तर आईलाही ओळखत असतात, त्यामुळे विषयच संपला. ते टॉर्च मारतात, 'व्हायरल दिसतंय' म्हणतात, गोळ्या देतात. माझं विचाराल तर विचारायची जबाबदारी आधी डॉक्टरांची. सिगरेट ओढता का, दारू घेता का, हे ते बिनदिक्कत विचारतात. तिथेच तिसरा प्रश्न बसवायला काय हरकत आहे? पण तो विचारला जात नाही तोवर बोलायचं आपल्यालाच आहे.

या गप्प बसण्याला कायद्याचाही इतिहास आहे बरं का. भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधल्या 'निसर्गाच्या विरुद्ध' या शब्दांत ओरल सेक्सही बसवला जायचा, मग तो संमतीने का असेना. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे, खाजगीतले संबंध त्या कलमातून बाहेर काढले. म्हणजे तोपर्यंत डॉक्टरांना खरं सांगणं हे तांत्रिकदृष्ट्या गुन्ह्याची कबुली देण्यासारखंच होतं!

आणि त्याच्याही कितीतरी आधी, १९२७ मध्ये, मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे नावाचा एक गणिताचा प्राध्यापक 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढून मराठीत हे सगळं सरळ लिहीत होता. संततिनियमन, लैंगिक रोग, वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं. त्या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, मासिक मात्र १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चालू राहिलं. ('ध्यासपर्व' बघितला नसेल तर बघा. अमोल पालेकरांचा, २००१ चा.) आज इतक्या वर्षांनी आपण 'ओरल'चा उच्चार करताना आवाज खाली आणतो म्हणजे कमाल आहे.

तर एक सोपी गोष्ट. पिंपल्स आणि केसगळतीसाठी ज्यांच्याकडे जाता ते त्वचारोगतज्ज्ञच या रोगांचेही डॉक्टर असतात. पाटी नीट वाचा : 'त्वचारोग व गुप्तरोगतज्ज्ञ'. नावापुढे डीव्हीडी लिहिलेलं असेल तर त्याचा सिनेमाशी संबंध नाही, ती पदविका आहे, 'डिप्लोमा इन व्हेनेरिऑलॉजी अँड डर्मटॉलॉजी'. वेटिंग रूममध्ये कुणी ओळखीचं भेटलं तर 'केस फार गळताहेत' हे उत्तर तयार ठेवा. आत गेल्यावर मात्र खरं बोला. शब्द सापडत नसतील तर हे घ्या : "मी कंडोम न वापरता ओरल सेक्स केलाय, साधारण एवढ्या दिवसांपूर्वी. तोंड आणि घसा तपासून घ्यायचाय." दोन वाक्यं. डॉक्टरांनी याहून बरंच काही ऐकलेलं असतं.

घसा बोलत नाही

सिफिलिस निदान फोड तरी दाखवतो. गनोरिया घशात बसतो तेव्हा बहुतेकांना काहीच कळत नाही. फार तर थोडी खवखव, आणि ती तर एसीमुळेही होते. महिनोन्महिने काही पत्ता नसतो आणि तेवढ्या वेळात तो घशातून जोडीदाराच्या जननेंद्रियांपर्यंत पोचू शकतो.

आता इथली खरी गोम ऐका. एखादा शहाणा मुलगा स्वतःहून तपासणीला जातो. लॅबवाले लघवीचा नमुना घेतात. रिपोर्ट निगेटिव्ह. खूश होऊन घरी. पण लघवीची तपासणी फक्त मूत्रमार्गाबद्दल बोलते! घशातला जंतू शोधायचा तर घशाचाच स्वॅब घ्यावा लागतो, आणि त्यावर 'नाट' नावाची तपासणी, जी जंतूचा जनुकीय अंश शोधते. कोविडमध्ये आपण सगळ्यांनी घशात काडी घालून घेतलीच आहे, तसाच प्रकार. ही सोय प्रत्येक लॅबमध्ये नसते, म्हणून मोठ्या लॅबना आधी फोन करून 'घशाच्या स्वॅबवर गनोरिया-क्लॅमिडियाची नाट टेस्ट करता का' असं विचारून घ्या. फोनवर काय लाजायचं!

सरकारी केंद्रांबद्दलही हेच लक्षात ठेवायचं. तिथे लक्षणं बघून त्यानुसार औषधांचं रंगीत किट द्यायची पद्धत आहे. फुकट, पटकन आणि ज्याला लक्षणं आहेत त्याच्यासाठी उत्तम. ज्याच्या घशाला काहीच होत नाहीये, तो मात्र या जाळ्यातून सहज निसटतो.

बरं, घशातला गनोरिया बरा करायलाही जास्त चिवट. तिथे औषध नीट पोचत नाही, आणि घशात मुळातच राहणाऱ्या त्याच्या निरुपद्रवी भाऊबंदांकडून हा जंतू औषधांना दाद न देण्याची विद्या शिकून घेतो. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर इशारा दिला, की गनोरिया एकेका अँटिबायोटिकला नमवत चाललाय. २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये एका माणसाची केस गाजली. संसर्ग आग्नेय आशियातून आलेला, जंतू घशात, आणि नेहमीची दोन्ही औषधं फेल. शेवटी शिरेतून द्यायच्या वेगळ्याच अँटिबायोटिकने काम झालं.

म्हणून केमिस्टकडे जाऊन 'घसा दुखतोय, ॲझिथ्रोमायसिन द्या' हा आपला राष्ट्रीय उद्योग इथे फार महागात पडतो. अर्धवट डोस, अर्धवट मेलेले जंतू, आणि उरलेले अधिक तगडे. गनोरियाला आज मुख्य औषध म्हणजे सेफ्ट्रायॲक्सोनचं इंजेक्शन. ते काउंटरवर मिळणाऱ्या तीन गोळ्यांच्या पाकिटात नसतं.

बाकीची मंडळी

हर्पीसबद्दल उगाच घाबरू नका, पण माहिती असू द्या. ताप येऊन गेला की ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा झुपका येतो ना, तो हर्पीस सिम्प्लेक्स-१. जगात पन्नाशीच्या आतल्या सुमारे दोनतृतीयांश लोकांमध्ये तो असल्याचा अंदाज आहे, आणि बऱ्याच जणांना तो लहानपणीच कुणा मावशी-आत्याच्या प्रेमळ पापीतून मिळालेला असतो. म्हणजे तो असणं हा कुणाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. मुद्दा एवढाच, की ओठांवर फोड असताना ओरल केलं तर तोच विषाणू जोडीदाराच्या जननेंद्रियांवर जाऊन बसतो आणि तिथे कायमचा राहतो. फोड पूर्ण वाळून जाईपर्यंत थांबा. पापीसुद्धा नको.

एचपीव्ही हे प्रकरण मोठं आहे. हा विषाणू गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी जोडला गेला, त्या कामासाठी हराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. तोच विषाणू, विशेषतः १६ नंबरचा प्रकार, घशाच्या मागच्या भागात, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी कॅन्सर करू शकतो. २०१३ मध्ये हॉलिवुडच्या मायकल डग्लसने एका इंग्रजी दैनिकाच्या मुलाखतीत याचा उल्लेख केला आणि जगभर हेडलाइन झाली. मग त्याच्या प्रवक्त्याला खुलासा करावा लागला, की तो स्वतःच्या आजाराचं कारण सांगत नव्हता. असो. अमेरिकेत घशाच्या या भागातल्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीमुळे होतात असा तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. आपल्या तोंडाच्या कॅन्सरमागे मुख्य हात तंबाखू आणि सुपारीचा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी पानटपरीवर काय काय मिळतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हा एचपीव्हीची चिंता करत करत सिगरेट पेटवणाऱ्या मित्राला दंडवत! तोंडातल्या बहुतेक एचपीव्ही संसर्गांचा निकाल शरीर एक-दोन वर्षांत स्वतःच लावतं. चिवटपणे राहिलेले थोडेच पुढे त्रास देतात, तेही बऱ्याच वर्षांनी.

आणि यावर लस आहे, तीही आपल्या पुण्याची. सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हावॅक'ला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ९ ते २६ वयाच्या मुलींसाठी आणि, नीट वाचा, मुलांसाठीसुद्धा. ही मुलींची लस आहे असा आपल्याकडे पक्का समज आहे, म्हणून मुलगे सरळ हात वर करतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये 'गार्डसिल ९' या लसीच्या उपयोगांच्या यादीत घसा, डोकं आणि मानेचे कॅन्सर टाळणं हेही घातलं. लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेतली तर फायदा सर्वांत जास्त. पण पंचवीस वर्षांचे असाल आणि घेतली नसेल, तर या महिन्यात डॉक्टरांना विचारा. सव्विसावं सरत आलेल्यांना तर घाई आहे! त्यापुढच्या वयात फायदा कमी होत जातो, तिथे डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. हेपटायटिस बीचे तीन डोस लहानपणी झालेत का, हेही त्याच फेरीत आईला विचारून घ्या. कशासाठी ते नाही सांगितलं तरी चालेल.

आणि एचआयव्ही? गंमत बघा, ओरलनंतर रात्रभर झोप उडते ती याच्याच भीतीने, आणि नेमका याचाच धोका इथे सगळ्यात कमी असतो. अगदी शून्य नाही, पण फारच कमी. थुंकीतून, चुंबनातून तो पसरत नाही. तोंडात जखमा असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल आणि वीर्य किंवा रक्ताशी संपर्क आला, तर शक्यता थोडी वाढते. इथे शेवटी दातांचा डॉक्टर येतो.

ब्रश कधी करायचा?

हिरड्या सुजलेल्या असणं, ब्रश करताना बेसिनमध्ये लाल दिसणं, याला आपण 'होतं असं' म्हणून सोडून देतो. धड हिरडी हे तोंडाचं कुंपण आहे. कुंपणालाच भोकं असतील तर कुणीही आत येणार. दोन वेळा ब्रश, डेंटिस्टकडून वेळच्या वेळी स्केलिंग, बस्स. अक्कलदाढ काढली असेल, नुकतंच रूट कॅनल झालं असेल, ब्रेसेसची तार टोचून गाल सोलला असेल, तर जखमा भरेपर्यंत थोडे दिवस सुट्टी घ्या. आणि तोंडातला कुठलाही फोड, चट्टा, गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर डेंटिस्टला दाखवा. दुखत नसेल तर आधी दाखवा.

आता एक उलटं वाटणारं. डेटवर निघताना दात घासणं हा संस्कार झाला. पण अगदी ऐनवेळी खसाखसा ब्रश किंवा फ्लॉस केलं तर हिरड्यांना बारीक ओरखडे पडतात, डोळ्यांना न दिसणारे. ब्रश आधीच उरकून घ्या. शेवटच्या क्षणी पुदिन्याची गोळी किंवा च्युइंगगम बरं.

माउथवॉशने काम भागेल का? हा प्रश्न जुना आहे. लिस्टरीन १८७९ मध्ये जन्मलं तेव्हा ते गनोरियावरही चालतं असं सांगून विकलं जायचं! २०१६ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी लहानशा चाचणीत ते खरंच तपासलं आणि थोडी आशा दिसली. पण त्यांनीच केलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल २०२१ मध्ये आला, त्यात गनोरिया टाळण्यात त्याचा काही फायदा दिसला नाही. श्वासाच्या वासासाठी खुशाल वापरा.

कामाची गोष्ट एकच, अडसर. म्हणजे कंडोम. स्ट्रॉबेरी, चॉकलेट, पान, अगदी लोणच्याच्या स्वादाचे कंडोम बाजारात येऊन गेले, आणि आपण त्यांच्या जाहिरातींवर हसलो. पण हे स्वाद कशासाठी आहेत असं वाटलं होतं तुम्हाला? तोंडासाठीच! हा स्वादवाला कंडोम योनीत शक्यतो वापरू नका, त्यातल्या साखरेने आणि रंगाने त्रास होऊ शकतो. प्रकार बदलला की नवा कंडोम. शुक्राणुनाशक लावलेला तोंडासाठी नको. आणि लेटेक्सवर खोबरेल तेल, व्हॅसलीन काहीही लावू नका, ते फाटतं.

मुलींवर ओरल करताना काय? तिथे 'डेंटल डॅम' वापरायचा, लेटेक्सचा एक पातळ चौकोन. मूळचा तो डेंटिस्टचाच. १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नम नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने दात कोरडा ठेवायला शोधलेला, आजही रूट कॅनल करताना तोंडावर ताणतात तो. आपल्या नेहमीच्या केमिस्टकडे मागितलात तर तो सिमेंटच्या दुकानात पाठवेल. म्हणून घरगुती जुगाड : नवा कंडोम घ्या, कात्रीने टोक आणि खालची कडी कापा, उभा चिरा आणि उलगडा. झाला चौकोन तयार. दुसऱ्या बाजूने पुन्हा वापरायचा नाही, एवढंच.

रोमान्सची वाट लागते असं कुणी म्हणेल. लागते थोडी. पण सव्वाशे रुपयांच्या कॉफीआधी रिव्ह्यू वाचणारी पिढी आहोत आपण, इथेही थोडा विचार केला तर बिघडलं कुठे?

तपासणीचं काय?

कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपवर विसंबू नका. शुगर, कोलेस्टेरॉल, व्हिटॅमिन डी सगळं असतं. या रोगांची तपासणी बहुतेक पॅकेजमध्ये नसते. आणि एक कळकळीची विनंती, ऑफिसच्या रक्तदान शिबिराचा उपयोग फुकटच्या टेस्टसाठी करू नका. दिलेल्या रक्ताची एचआयव्ही, हेपटायटिस बी, सी, सिफिलिस, मलेरिया अशी तपासणी होते हे खरं. पण संसर्ग ताजा असेल तर सुरुवातीचा काही काळ तो तपासणीत दिसत नाही. तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह येईल आणि रक्त कुणाला तरी चढवलं जाईल.

सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी समुपदेशनासकट मोफत होते. लैंगिक आजारांसाठी जिल्हा रुग्णालयं आणि मेडिकल कॉलेजांत 'सुरक्षा क्लिनिक' आहेत. १०९७ हा टोल-फ्री नंबर आहे. एचआयव्हीबाबतचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही, रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो, आणि त्यावरून नोकरीत भेदभाव करता येत नाही. एचआरला घाबरायचं कारण नाही.

कधी जायचं, तर नुसती शंका असेल तेव्हा घशाच्या स्वॅबसाठी साधारण दोन आठवड्यांनी. सिफिलिसचं रक्त लगेच निगेटिव्ह आलं तरी तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. लक्षण दिसत असेल तर कॅलेंडर बघू नका, सरळ जा.

आणि काही निघालंच, तर जोडीदाराला सांगायचं. हे सगळ्यात जड. 'तुझ्यामुळे झालं' किंवा 'माझी चूक झाली' असली प्रस्तावना नको, कारण कुणाकडून कुणाला गेलं हे बहुतेकदा कळतच नाही. साधा मेसेज पुरतो : "माझ्या टेस्टमध्ये गनोरिया निघालाय. उपचार सुरू आहेत. तुला काही होत नसलं तरी तूही तपासून घे, आणि घसा तपासायला सांग." पलीकडून शिव्या येतील, ब्लॉकही होईल. तरी तपासणी होण्याची शक्यता आहे. दोघांचे उपचार एकाच वेळी झाले पाहिजेत, नाहीतर तोच जंतू फिरून परत येतो. इंजेक्शननंतर सात दिवस कुठलाही सेक्स नाही, ओरलसुद्धा. आणि गनोरिया घशातला असेल तर एक ते दोन आठवड्यांनी पुन्हा स्वॅब, तो खरंच गेलाय ना हे बघायला. ही दुसरी फेरी बरेच जण टाळतात. घसा दुखत नसतो ना! पण तो पहिल्या दिवशीही दुखत नव्हता.